एक मजला खाली

किल्ली फिरेना. दातांच्या डॉक्टरने ती उलटी करून पाहिली, दाराला खांदा लावून पाहिला, आणि तेवढ्यात दार आतूनच उघडलं. समोर ओल्या केसांचा, खांद्यावर टॉवेल टाकलेला तरुण.

"चोरी करायची असेल तर जरा उशिरा या," तो म्हणाला. "मी अजून घरातच आहे."

जुन्या घरी ती तिसऱ्या मजल्यावर राहायची. नवं घर चौथ्यावर, पण पायांना कोण समजावणार? मेल्याहून मेल्यासारखं होऊन ती वर पळाली. पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच. मग पुन्हा. तो पोहायला शिकवायचा. संध्याकाळी तलावावरून परतला की कुलपात तिची खुडबुड ऐकू यायची. हळूहळू दारातच चहा होऊ लागला, चहाबरोबर गप्पा.

गप्पांतच तिने एकदा मन मोकळं केलं. घर मोठं, दवाखाना हाकेच्या अंतरावर, सकाळचं ऊन थेट उशीपर्यंत. लेकीने नशीब काढलं, असं आई नातेवाइकांना सांगत सुटली होती. आणि लेकीला इथे मुळीच करमत नव्हतं. जुन्या खोलीत हलायला जागा नव्हती, पण भिंतीपलीकडे घरमालकीण खोकली तरी सोबत वाटायची. इथे सामानाची खोकीसुद्धा तिने अजून सोडली नव्हती.

एका संध्याकाळी ती आली ती बेल वाजवून.

"बेल? म्हणजे काहीतरी गंभीर आहे."

होतंच. जुनी खोली रिकामी झाली होती, मालकीणबाई परत बोलावत होत्या आणि आजच कळवायचं होतं.

"बरं झालं की," तो म्हणाला आणि टॉवेलची घडी घालू लागला. ती काही जमेना. तिला त्याचा भलताच राग आला.

"अडवणार नाही?"

"अडवलं असतं... पण तिथे तुम्ही सुखात होतात." त्याने टॉवेल बाजूला टाकला. "मी इथे कितीतरी वर्षं राहतोय. घर तेच, भिंती त्याच. पण तुम्ही वर राहायला आलात आणि — मला इथे करमायला लागलं. घर तुम्ही बदललंत, लाभलं मात्र मला."

तिने तिथेच उभ्याउभ्या फोन लावला.

"मावशी, खोली दुसऱ्या कुणाला तरी द्या... हो, करमतंय इथे."

कधीपासून, असं पलीकडून विचारलं गेलं. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"आत्तापासून," ती म्हणाली.