लाल वर, निळा खाली

राष्ट्रध्वजाचा अपमान सरकारने गिळला तरी नागरिकाने गिळता कामा नये, मग त्यासाठी कुणाशीही लढावं लागो – अशा तेजस्वी विचाराने मारिसेल बुधवार पेठेतल्या एका दुकानात शिरली आणि काउंटरवर हात आपटून कडकडून भांडली. दुकान इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं निघालं. मालकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भांडण बरोबर आहे. दुकान चुकलं. फ्लेक्सवाला पलीकडे."

पलीकडे शाईचा उग्र वास होता, यंत्र कर्रकर्र करत कुणाचा तरी वाढदिवस छापत होतं, आणि त्याच्याशेजारी फ्लेक्सवाला रविराज उभा होता. मारिसेलने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"हे तू केलंस?"

फोटो सदाशिव पेठेतल्या चौकातल्या फ्लेक्सचा होता. मारिसेल फिलिपिन्सच्या राष्ट्रीय संघाची बचावपटू. वर्षभर पुण्यातल्या मुलींना फुटबॉल शिकवून आता परत निघाली होती, म्हणून एका मंडळाने रविवारी तिचा सत्कार ठेवला होता. फ्लेक्सवर मंडळाचे अध्यक्ष बापूराव गॉगल लावून, हात जोडून उभे. त्यांच्यामागे कार्यकर्त्यांची तोंडं द्राक्षाच्या घडासारखी लोंबलेली. सत्कारमूर्ती कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. तेही तिने सोडून दिलं असतं.

"झेंडा उलटा आहे! निळा वर पाहिजे. आम्ही लाल वर कधी करतो, माहितेय? युद्ध असलं की!"

रविराजने फोटो न्याहाळला. "कुणाशी? सदाशिव पेठेशी? अवघड आहे."

"हसू नकोस!"

मराठी तिला मैदानावर मुलींनी शिकवली होती. त्यामुळे ती अध्यक्षांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना 'तू' म्हणे, आणि हुकूम फार सुरेख सोडी.

"मॅडम, मजकूर पार्टी देते. झेंडा मात्र... माझी चूक. तुमचा फोटो लावत होतो, झेंड्याकडे लक्ष राहिलं नाही."

"एवढासा तर फोटो!"

"म्हणून तर जवळून बघावा लागला."

बोलून गेल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मारिसेलने त्या पाहिल्या, आणि राग निसटतोय असं वाटून घाईघाईने दुसरा मुद्दा काढला. "आणि हे काय? 'गोलांचा पाऊस पाडणारी'? मी गोल अडवते! आयुष्यात एकही केलेला नाही!"

रविराजने तिथल्या तिथे बापूरावांना फोन लावला.

"एकही नाही?" स्पीकरवर बापूराव हळहळले. "अरेरे... मग सत्कार कशाचा करायचा? बरं, असू दे. 'होतकरू' लिहा."

बत्तिसाव्या वर्षी, दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली मारिसेल होतकरू झाली. ती स्टुलावर बसली आणि फुटली. पनाय बेटावरच्या उसाच्या गावात ती अनवाणी खेळायला लागली. पुढे देशासाठी खेळली. दुप्पट उंचीच्या पोरींना अडवलं, नाक मोडून घेतलं, संघ जिंकला तेव्हा वर्तमानपत्रांनी गोल करणारीचा फोटो छापला. हरला तेव्हा मात्र तिचा.

"मी माझं काम चोख केलं ना, की काहीच होत नाही," ती म्हणाली. "आणि जे झालंच नाही, ते कुणाला दिसणार?"

रविराजने तिच्यापुढे चहा सरकवला. "फ्लेक्स बरोबर छापला तर आमच्या दुकानाचं नाव कुणी वाचत नाही. चुकला की..." त्याने तिच्याकडे पाहिलं. "माणसं शोधत येतात."

चहात साखर जास्त होती. तिने तक्रार केली नाही. याचं तिलाच नवल वाटलं.

ती जिथे शिकवायची ती फुटबॉल अकादमी तिला आणखी एक वर्ष राहा म्हणत होती. उत्तर रविवारपर्यंत द्यायचं होतं, आणि ते नाही असंच होतं. बचावपटूला होतकरू म्हणणाऱ्या गावात राहायचं तरी कशाला?

नवीन फ्लेक्सचं प्रूफ बघायला ती दुसऱ्या दिवशी गेली. झेंडा सुलटा होता, पण आडनाव चुकलं होतं. ती भांडली. चहा प्यायली. पुढच्या खेपेला जर्सीचा नंबर चुकला. मग बूट दोन्ही डाव्या पायाचे. शनिवारी तर रविराजने फोटोत तिला चक्क गोलकीपरचे हातमोजे घातले होते.

मारिसेल भांडायला तोंड उघडणार, तोच थांबली. चेंडू घेऊन येणारी पोरगी डावीकडे झुकून हूल देते आणि उजवीकडून निसटते. तिच्या पायांकडे बघायचं नसतं, कमरेकडे बघायचं, हे ती मुलींना वर्षभर ओरडून सांगत होती. आणि ही इतकी ढोबळ हूल... रोज चहासकट...

"रविराज. तू चुका मुद्दाम करतोस."

यंत्र थांबलं होतं. बाहेर पावसाची भुरभुर.

"पहिली खरी होती," तो हळूच म्हणाला.

"आणि बाकीच्या?"

"सगळं बरोबर झालं असतं, तर तुम्ही... तू परत कशाला आली असतीस?"

त्याने पहिल्यांदाच तिला 'तू' म्हटलं होतं. तिने ते ऐकलं, पण दाखवलं नाही. "उद्या एक जरी चूक दिसली ना, तर खरंच युद्ध!" असं बजावून ती पायऱ्या उतरली. छत्री दुकानातच राहिली. ती न्यायला मात्र मारिसेल वळली नाही.

रविवारी सदाशिव पेठेतल्या हॉलच्या दारात ती फ्लेक्ससमोर उभी राहिली. निळा वर, लाल खाली. मधोमध ती, माणसाच्या उंचीची, पाय रोवून. मागे गोलचं मोकळं जाळं, नुसतं पांढरं. खाली ठळक अक्षरांत: 'हिच्यामुळे न झालेले सगळे गोल.'

तिने पुन्हा पुन्हा वाचलं. चूक सापडेना. नाक चुरचुरायला लागलं, तेही मोडलेलं.

"आमचे फोटो कुठेत?" बापूराव गॉगल काढून गरजले. "अध्यक्षांचा फोटो कुठाय?"

"होता," रविराज म्हणाला. "तिने अडवला."

मारिसेल त्याच्याकडे वळली. आजवर तिने त्याला नुसते हुकूम दिले होते. आता मात्र शब्द शोधावे लागले. "अकादमीला... मी हो सांगणार आहे. एक वर्ष. मी थांबले तर... तुला चालेल?"

रविराजने उत्तर द्यायला श्वास घेतला. पण कानांच्या पाळ्यांनी ते आधीच देऊन टाकलं. मारिसेलने त्याचा हात धरला, बापूरावांदेखत, घट्ट. पैलतीरी पोचल्यासारखी दोघं एकमेकांकडे बघत राहिली...

"अगं ए पोरी," दाराशी गजरे विकणाऱ्या यमुनाबाईंनी तिचा दुपट्टा ओढला. "तुमचं झालं की तेवढा फ्लेक्स मला द्या. हातगाडीवर टाकीन म्हणते, पाऊस आत येतोय. आणि उलटा टाकला तर चालेल ना?"