आधीच बघितलेला भाग

ती राहायची त्या इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची मशिनं होती आणि भिंतीवर एक टीव्ही. त्यावर कायम खुनाच्या ब्रिटिश मालिका चालू. परक्या देशात राहायचं आणि तिसऱ्याच देशातले खून बघत बसायचं, म्हणजे हौस बघा! पण तिला भारी नाद.

"अहो बाई, मागे बघा ना, मागे!" ती पडद्यावर खेकसली.

"त्यांना मराठी येत नाही..." मागून आवाज आला.

वळून बघते तर ओल्या चादरींचं बोचकं पोटाशी धरून एक उंच माणूस हसत उभा.

तो इमारतींचे नकाशे काढायचा, ती दातांच्या कवळ्या करायची. म्हणून ती 'दातवाली' आणि तो 'नकाशे'. मग दर रविवारी दुपारी तिच्या खोलीत, तिच्या लॅपटॉपवर एक भाग. खुनी ओळखण्यात जो चुकेल त्यानं चहा करायचा. नकाशेचा अंदाज कधी म्हणजे कधी बरोबर येत नसे. तो माळ्यावर संशय घ्यायचा, डॉक्टरवर घ्यायचा, एकदा तर मेलेल्यावरच घेतला.

"मुद्दाम हरतोस ना रे?"

"हरलो की तू हसतेस... मग हरायला माझं काय जातंय?"

आता असं कुणी बोललं तर माणसानं काय समजावं? दातवालीनं आईला फोन करून सांगून टाकलं, "त्या बँकवाल्या स्थळाला नाही कळव. मला आधी एकाशी बोलायचंय." आई फुगून बसली, पण कळवलं तिनं.

त्या रविवारी भाग संपला की ती बोलणार होती. पडद्यावर म्हातारे जमीनदार जिना चढत होते आणि किंकाळी यायच्या आधीच नकाशेनं डोळे मिटून घेतले. आधीच!

तिनं मालिका थांबवली. "तू बघितलायस हा भाग."

"अं... हो."

"एकट्यानं?"

"घरच्यांनी एक मुलगी... म्हणजे मीही हो म्हटलंय. तिच्या कानाला इंग्रजीची सवय व्हावी म्हणून दर शनिवारी फोनवर बोलत आम्ही दोघं हीच मालिका लावतो."

तिनं लॅपटॉप मिटला. आणि हा बाबा पुढे बोलतोच आहे!

"लग्न झालं की ती इकडेच येईल. तिला जरा सांभाळून घेशील? इथं तिचं कुणी नाही गं."

"माझं तरी कोण आहे?" ती म्हणाली. "नाही जमायचं मला. तू आवडतोस मला. आज तेच सांगणार होते."

तो पांढराफटक पडला. "अगं... आधी बोलली असतीस तर मी तिकडे नाही म्हटलं असतं."

"आणि तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

"वाटलं, तू नाही म्हणशील. मग रविवारीही येऊ देणार नाहीस..."

तिला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. तिनं उठून दार उघडलं.

"नाहीच येऊ देणार," ती म्हणाली. "बूट घाल."