पाच नंबरचा संगणक

माधवीने प्रथमेशला 'हो' म्हटलं. हे वाक्य वाचलं असेल तर विसरा. असं काही घडलेलं नाही. घडलं ते एवढंच...

सन सत्त्याण्णव. हैदराबादेत दिलसुखनगरच्या एका नव्या कॉलेजाने योजना काढली – इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांनी संध्याकाळी येऊन संगणक शिकावा. त्याची चार क्रेडिट पुढे डिग्रीत धरली जातील, तेवढा एक पेपर माफ. मुलं आली सोळा, संगणक आठ. म्हणून कॉलेजाने दर संगणकामागे एक निकाल आणि एक सर्टिफिकेट ठेवलं. समोर किती जण बसतात, हा संगणकाचा खाजगी प्रश्न होता.

धूळ नको म्हणून चपला-बूट बाहेर. नल्लकुंट्याची माधवी पहिल्याच दिवशी उशिरा पोचली आणि पाच नंबरपाशी तिला आधी दिसला एक अंगठा... निळ्या मोज्यातून डोकावणारा.

"बघू नकोस," अंगठ्याचा मालक प्रथमेश म्हणाला. "पुण्याहून सामान आलं, त्यात आईचा सुईदोरा सापडत नाहीये."

"कधी आलात?"

"दोन वर्षं झाली."

माधवी इतकी हसली, की एसीच खडखडतोय समजून सरांनी तो तपासायला माणूस बोलावला.

माउस एकच. "हौ, आता सोड की रे!" ती म्हणायची. तो सोडायचा. माउस कोमट असायचा... मग ती उगाच थोडा वेळ काहीच न दाबता बसायची.

मे महिन्यात पाच नंबर पास झाला. त्याच आठवड्यात प्रथमेशच्या बाबांची पुण्याला बदली झाली.

पायरीवर बुटाची नाडी बांधता बांधता त्याने ते एकुलतं सर्टिफिकेट तिच्यापुढे धरलं. "तू ठेव."

"नक्को. तुला तिकडं पुन्हा सगळा पेपर द्यावा लागंल."

"देईन. मला काही आलेलंच नाही. वर्षभर मी स्क्रीनकडे बघितलं नाही."

"मग कुठं बघत होतास?"

त्याचे कान लाल झाले. "शेजारी..."

"मी पण," माधवी हळूच म्हणाली.

"मग पेपर कुणी सोडवला?" प्रथमेशने विचारलं.

तिने पिशवीतून सुलतान बाजारातून आणलेलं निळ्या दोऱ्याचं रीळ काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने मूठ मिटली – तिच्या बोटांसकट. "माधवी... मी पुण्याहून पत्र लिहिलं, तर उत्तर देशील? प्रेमाचं असलं तरी?"

ती काय म्हणाली, ते सुरुवातीला आलंच आहे. घडलेलं नाही, हेही.

मग दोघांनी आळीपाळीने, एकाच पेनाने अर्ज लिहिला आणि कार्यालयातल्या हिम्मतरावांकडून त्यावर आवक-शिक्का मारून घेतला:

"मा. प्राचार्य महोदय, सदर चार क्रेडिटची वाटणी करणे अर्जदारांस शक्य नाही. तरी दोघांस एकच विद्यार्थी समजून डिग्रीस एकाच संगणकासमोर प्रवेश देण्यात यावा, आणि त्याकामी अर्जदार क्र. १ च्या वडिलांची पुण्यास झालेली बदली आपल्या स्तरावरून रद्द करण्यात यावी, ही नम्र विनंती."