आवाज आधी यायचा

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. आमच्याकडे जे झालं ते भर दुपारी झालं, जेवणाच्या वेळेला.

मी चुलीपुढे बसले होते. सासूबाई माझ्या बाजूला होत्या. जे ऐकलं ते दोघींनी ऐकलं. म्हणून मनाचे खेळ म्हणून सोडून देता येत नाही... मी तसा प्रयत्न खूप केला.

माझं नाव सुनंदा. आम्ही चामटोलीचे, बदलापूरजवळ. साल १९९७, मे महिना.

माझे सासरे दौलतराव वारले आणि रस्त्याकडची जमीन विकली गेली. धाकट्या दिरांनी, आनंदाभाऊंनी, आपल्या वाट्यातून ट्रक घेतला. आमच्या ह्यांनी, म्हणजे सुदामनी, मोटरसायकल घेतली.

साधी नव्हे. जपानची, साडेसातशे सीसीची. रेसच्या मैदानावर पळवायला बनवलेली. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये टहलसेठ म्हणून सिंधी व्यापारी होते, परदेशी गाड्या आणून विकायचे. त्यांच्याकडे यांनी ती पाहिली आणि तीन दिवस नीट जेवले नाहीत. शाळेत असल्यापासून अशा गाड्यांची चित्रं कापून पत्र्याच्या पेटीत ठेवणारा माणूस. मी काय अडवणार?

लाल-पांढरी गाडी होती. हँडल इतकं खाली की टाकीवर छाती टेकून बसावं लागे. आरसे नाहीत. मागे बसायला जागाच नाही.

सासूबाईंनी नारळ फोडला, चाकाला कुंकू लावलं आणि विचारलं, "आनि दुसरा मानूस कुठं बसायचा?"

"एकट्याचीच गाडी आहे, आई," हे म्हणाले.

सासूबाईंचं मन जरा खट्टू झालं. माझंही.

आमच्या रस्त्यांवर त्या गाडीचे हालच होते. हे सांगायचे, पहिल्या गिअरमध्येच आपला रस्ता संपतो, बाकीचे गिअर नुसते सोबत न्यायचे. गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं. उल्हासनगरच्या गर्दीत अडकले की इंजिन तापून यांच्या पोटऱ्या भाजायच्या. रोज त्यांच्या मनगटांना मी तेल चोळायचे, इतकी दुखायची. तरी चेहरा असा, जणू देवाला जाऊन आलेत.

यांचं बदलापूरला रेती-सिमेंटचं दुकान होतं. दुपारी जेवायला घरी यायचे. गाडीचा आवाज मोठ्या रस्त्यावरून वळला की मला चुलीपाशी ऐकू यायचा. मी तव्यावर भाकर टाकायचे. हे हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भाकर फुगलेली असायची.

असं दोन-अडीच महिने चाललं.

मग एका दुपारी आवाज आला. मी भाकर टाकली. आवाज अंगणात शिरला. कोंबड्या फडफडत पळाल्या. इंजिन बंद झालं. स्टँड पडला... खट्.

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेल्या आणि तशाच परत आल्या.

"कोन नाय गो."

मी बाहेर आले. अंगण रिकामं. धुळीत चाकाचा माग नाही.

भाकर गार झाली तेव्हा हे आले. तोच आवाज, तीच खट्. कुठे थांबला होतात, विचारलं तर म्हणाले कुठेच नाही, दुकानातून निघालो तो सरळ घरी.

दुसरी कुठली गाडी असेल, म्हणून मी सोडून दिलं.

पण तशी दुसरी गाडी आमच्या बाजूला नव्हती.

मग ते रोजचंच झालं. आधी आवाज यायचा. मग बराच वेळ काही नाही... आणि मग हे यायचे. मधलं अंतर वाढत चाललं. आधी भाकर गार व्हायची, मग कडक व्हायला लागली. मी आवाजावर भाकर टाकणं बंद केलं. तरी आवाज ऐकला की हात आपोआप पिठाकडे जायचा.

डोंगराकडच्या वाडीवरची चंद्री करवंदं विकायला यायची. एकदा पाटी उतरवत ती म्हणाली, "दादा गेला ना मघाशी माझ्या अंगावरून. लुगडं उडालं वाऱ्यानं."

मी म्हटलं, अजून आले नाहीत.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "गाडी नाय दिसली, वैनी. मला वाटलं, डोळ्यात धूळ गेली."

त्या दिवशी करवंदांचे पैसे न घेताच ती गेली. परत आमच्या दारात आली नाही.

मी आनंदाभाऊंना सांगितलं. ते हसले नाहीत, कारण तो आवाज पलीकडे त्यांच्या घरी बायकोनेही ऐकला होता. ते तडक कॅम्प चारला गेले. ही गाडी आधी कोणाची होती, त्यावर कोणी दगावलं का, सगळं टहलसेठला विचारलं.

टहलसेठने आधीच्या मालकाला समोरच्या चहाच्या दुकानातून बोलावून आणलं. धडधाकट माणूस. पाठ दुखायची म्हणून गाडी विकली, म्हणाला. अपघात नाही, काही नाही. त्याच्या घरी असला आवाज कधी आला नव्हता.

आनंदाभाऊंना हायसं वाटलं.

मला जास्तच भीती वाटली. काहीतरी कारण सापडलं असतं तर त्याला नारळ तरी देता आला असता.

शेवटी मी यांनाच सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. ते चिडले नाहीत. मग जे बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं.

"वांगणीकडे सरळ रस्ता आहे ना, तिथे मी रोज जाऊन येतो. तिथे गाडी पूर्ण सुटली की आवाज बंद होतो. इंजिन चालू असतं, काटा वर असतो... आणि मला काहीच ऐकू येत नाही. वारासुद्धा नाही."

"भीती नाही वाटत?"

"नाही," ते म्हणाले. "लई बरं वाटतं."

मग म्हणाले, "पण परत येताना आवाज लवकर येत नाही. हल्ली तर दुकान गाठेपर्यंत येत नाही."

मी त्यांच्या पाया पडले. गाडी विका म्हटलं. सासूबाईंनी अन्न सोडलं. दोन दिवसांनी ते कबूल झाले. स्वतःच गाडी टहलसेठकडे नेऊन दिली आणि रिक्षाने परत आले. डोळे लाल होते. 

घर शांत झालं. एक दुपार गेली. दुसरी गेली. कोंबड्या अंगणात निवांत दाणे टिपत होत्या. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या रविवारी दुकान बंद होतं. हे पाटावर बसले होते. ताटात भाकर, सुकटीची चटणी, फोडलेला कांदा. सासूबाई बाजूला बसल्या होत्या. मी दुसरी भाकर थापत होते.

आणि मोठ्या रस्त्यावरून आवाज वळला...

माझे हात थांबले. मी यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत होते. त्यांनाही ऐकू येत होतं.

आवाज अंगणात आला. कोंबड्या उडाल्या. इंजिन बंद झालं.

खट्.

मग पावलं. याआधी कधीच पावलं वाजली नव्हती. पायरीपर्यंत आली. दाराशी थांबली.

आणि बाहेरून यांचा आवाज आला, रोजच्यासारखा, दमलेला.

"सुनंदा, भाकर टाक."

हे माझ्यासमोर बसले होते. त्यांचे ओठ मिटलेले होते.

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. हे उठले. मी त्यांचा हात धरला. तो थंड नव्हता, नेहमीसारखाच होता. "बघतो फक्त," म्हणाले, हात सोडवला आणि बाहेर गेले.

इंजिन सुरू झालं. घरातली भांडी थरथरली. आवाज अंगणातून निघाला, रस्त्याला लागला, एकेक गिअर चढत वांगणीच्या दिशेने गेला... बारीक होत होत संपला.

मी धावत बाहेर आले.

हे अंगणात उभे होते. अनवाणी, रस्त्याकडे तोंड करून. गाडी नव्हती, कोणी नव्हतं. मी हाक मारली तेव्हा वळले. शांतपणे आत आले, पाटावर बसले आणि राहिलेलं जेवायला लागले.

त्यांनी कांदा दाताखाली घेतला.

आवाज आला नाही.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. हे सावकाश कांदा चावत होते... घरात चुलीतल्या लाकडाची चरचर तेवढी ऐकू येत होती.

संध्याकाळी आनंदाभाऊंनी टहलसेठला फोन लावला. गाडी दुकानातच होती. दोन्ही चाकं काढून ठेवली होती, टायर मुंबईहून यायचे होते.

सासूबाई त्याच आठवड्यात आनंदाभाऊंकडे राहायला गेल्या. पुढे कधी यांच्या पंगतीला बसल्या नाहीत. पाच वर्षांनी त्या आजारी पडल्या तेव्हा हे भेटायला गेले, उशाशी बसले. सासूबाईंनी यांच्याकडे पाहिलंही नाही. माझा हात धरून म्हणाल्या, "सुदाम यायचाय अजून."

हे तिथेच बसून होते. 

आज यांचं वय झालंय. दुकान मुलगा बघतो. हे कोणाशी वाईट वागत नाहीत. विचारलं तर बोलतात, थोडंसं. पण चालताना वाजत नाहीत. खोकत नाहीत, घोरत नाहीत. त्यांनी पाणी प्यायलं तर घोट ऐकू येत नाही. सून म्हणते, बाबा किती शांत आहेत.

इतकी वर्षं मी यांच्या शेजारी झोपते. यांच्या छातीला कान लावायची हिंमत मात्र मला झालेली नाही.

मागच्या दिवाळीत अंबरनाथच्या बाजारातून मी यांच्यासाठी चामड्याच्या वहाणा आणल्या. मुद्दाम वाजणाऱ्या. दुकानात नोकराला घालून चालायला लावलं. करकर करकर वाजत होत्या. मला बरं वाटलं. निदान हे घरात कुठे आहेत ते कळेल.

यांनी घातल्या, छान आहेत म्हणाले आणि परसात गेले.

मी ओट्यापाशी उभी राहून कान देऊन ऐकत होते. बराच वेळ काहीच वाजलं नाही. मला वाटलं, वहाणा काढून परसात बसले असतील.

म्हणून मी वळले...

हे माझ्या मागेच उभे होते. पायात वहाणा होत्या.