धूम्रगडचा फुटलेला शेवट

शुक्रवारी दुपारी साडेतीनला 'धूम्रगड'च्या पहिल्या भागाचा पहिला खेळ सुटला आणि थिएटरभर सोलापूरकर थंडगार अंधारातून मे महिन्याच्या उन्हात आले. पायऱ्यांशी ज्ञानदा मोहोळकर उभी होती. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने कपाळावर धरलेली ओढणी.

तिच्या दैनिकात दर शनिवारी 'खेळ सुटल्यावर' नावाचा कोपरा असे. सहा प्रेक्षक, सहा छोटे फोटो; नाव, वय, व्यवसाय आणि प्रत्येकाची प्रतिक्रिया दोन ओळींत. हे काम सर्वांत नव्या वार्ताहराकडे जाई. सध्या नवी तीच होती.

पहिल्या पाच जणांनी मिळून एकच प्रतिक्रिया दिली.

"लई भारी."

"भारी म्हणजे नेमकं काय?"

"म्हंजे... तो धुराचा अजगर बघा की मॅडम. लई भारी."

सहावा माणूस बाजूला उभा होता. थ्रीडी पडद्यासाठी दिलेला काळा चष्मा उन्हासमोर धरून तो त्याच्या काचेवरचे ओरखडे पाहत होता. उंच, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या.

"कसा वाटला सिनेमा?" ज्ञानदाने विचारलं.

"राणीला चष्मा पाहिजे होता."

ज्ञानदाची बोटं मोबाइलवर थांबली. "काय?"

"पुस्तक वाचलंय तुम्ही? नाही ना. पुस्तकात राणी तमसाला लांबचं दिसत नाही. चार हातांपलीकडं सगळं धूसर. माणसं ती पावलांवरून ओळखते. सगळ्या राज्यात धूर भरतो तेव्हा बाकीचे धडपडतात, हिचं एकटीचं अडत नाही, कारण हिला सवय आहे. आणि हितं? डोंगरावरून बाण मारला तिनं. नेम धरून."

"तुम्ही फारच चिडलायत."

"चिडलो नाही ओ. नव्या पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. जिला दिसत नाही तरी जिचं अडत नाही अशा बाईचं मला..." तो जरा थांबला. "कौतुक आहे."

त्याचं नाव यशपाल बनसोडे. वय अठ्ठावीस. 'धूम्रगड' ही जाडजूड कादंबरी त्याने नववीत वाचली होती आणि त्यानंतर किती वेळा वाचली ते मोजायचं सोडून दिलं होतं.

"आणि तो वीरण? लोहार झालेला नट?"

"तो चांगला केलाय. फक्त शेवटी जो राणीला गडावर एकटी सोडून जाणार आहे, त्याला पहिल्याच भागात इतकं हसवायला नको होतं."

वाक्य नेटकं होतं. ज्ञानदाने ते जसंच्या तसं टिपलं.

"तुमचा चष्मा डावीकडं उतरलाय," तो म्हणाला. "द्या."

तिने का दिला, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. त्याने काडी अंगठ्याने हलकेच वाकवली, काचांवर फुंकर घातली, शर्टाच्या टोकाने पुसल्या. तेवढा वेळ ज्ञानदाला समोर फक्त एक पांढरा धूसर आकार दिसत होता आणि त्याला एक शांत आवाज होता. मग त्याने चष्मा तिच्या नाकावर ठेवला. काड्या कानांमागे जाताना त्याची बोटं केसांना लागली... न लागल्यासारखी.

"आता बघा."

तिने पाहिलं. मग घाईने फोटो काढला. तो थोडा हलला.

शनिवारी सकाळी उपसंपादक महेश्वर सरांचा फोन आला. ते कधी आवाज चढवत नसत. आजही चढवला नाही.

"ज्ञानदा, तिसरा भाग अजून यायचाय, आणि आपण शेवट छापलाय."

यशपालच्या बोलण्यातून तिने दोन ओळी निवडल्या होत्या. राणीची नजर, पावलांचे आवाज, सगळं जागेअभावी कापलं होतं. राहिलं होतं ते एवढंच, की वीरण राणीला सोडून जातो. खाली नाव, दुकानाचा पत्ता आणि फोटो.

रविवारी ती दुकानात पोचली तेव्हा काउंटरशी गंगम्मा नावाच्या आजी उभ्या होत्या. दुधनीहून खास चष्म्यासाठी आलेल्या.

"माझा नातू रात्रीपासून जेवला नाही," त्या म्हणत होत्या. "त्यो लोहार जातो म्हणं. तुला काय गरज होती रे सांगायची? तुझ्या घरात कोण मोठं हाय का न्हाय?"

"चुकलं आजी."

"आणि त्याच्या घोड्याचं काय होतं?"

"घोडा... नीट राहतो."

"मग बरं हाय." आजी जरा निवल्या, चष्मा चढवून ज्ञानदाकडे निरखून पाहत बाहेर पडल्या.

ज्ञानदा काउंटरला टेकली. "चूक माझी आहे. मी दुरुस्ती छापते."

"काय छापणार? 'वीरण राणीला सोडून जातो, हे अनवधानाने प्रसिद्ध झालं'? ज्यांनी काल वाचलं नाही त्यांनाही कळेल की."

तिला हसू आलं. ती माफी मागायला आली होती, म्हणून तिने ते दाबलं. त्याला ते दिसलं.

"फुटलेला शेवट परत घेता येत नाही," तो म्हणाला. "पण गर्दीत हरवता येतो."

त्या दिवसापासून यशपालने प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा शेवट सांगायला सुरुवात केली. डोळे तपासायच्या खुर्चीत माणूस बसला, की एका डोळ्यावर झाकण, समोर अक्षरांचा तक्ता, आणि काच बदलता बदलता हा सहज बोलल्यासारखं बोले. "खालची ओळ वाचा... पेपरात आलं ते तुमी खरं धरलं व्हय? वीरण जातो, पण परत येतो... आता या काचेतून बघा... अजगराच्या पाठीवर बसून." एकाला राणी अजगर होते, दुसऱ्याला वीरणच राणीचा हरवलेला सेनापती निघतो. माणूस चष्म्याचा नंबर आणि एक शेवट घेऊन घरी जाई.

"हे सरळसरळ खोटं आहे," ज्ञानदा म्हणाली.

"मी कुठं छापतोय?"

ती नवे शेवट ऐकायला येऊ लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग चष्मा सैल झाला म्हणून, मग चष्मा फार घट्ट झाला म्हणून.

"एवढा बिघडणारा चष्मा मी आयुष्यात बघितला नाही," यशपाल म्हणाला.

"कारागीर कच्चा असेल."

"किंवा नाक हट्टी असेल."

मागच्या गल्लीतून तो चहा घेऊन येई, तेव्हा ती दाराकडे पाठ करून बसलेली असे. तरी मागे न बघता म्हणे, "आज उशीर." कधी लक्षात आलं ते कळलं नाही... पण शंभर पावलांत ती त्याची पावलं ओळखायला लागली होती. उजवी चप्पल किंचित घासून चालायचा तो.

दिवाळीपर्यंत योजना पुरती यशस्वी झाली. पार्क चौकात, बँकेच्या रांगेत लोक आपापल्या शेवटासाठी भांडत होते. एके संध्याकाळी ज्ञानदाचे वडील, निवृत्त शिक्षक कमलाकर मोहोळकर, लांबचं दिसण्यासाठी नवा चष्मा घेऊन घरी आले.

"शेवटी राणी गड सोडते," त्यांनी जेवताना जाहीर केलं. "लोहाराच्या घरी राहायला जाते. आणि गडावरचं कुणी तिला अडवत नाही. नव्या पेठेतला तो मुलगा सांगत होता. शेवट चांगला आहे. पटतो."

ज्ञानदाचा घास तोंडाशीच राहिला. हा शेवट तिने ऐकला नव्हता.

जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरली त्याच आठवड्यात दुसरा भाग आला. तो दोघांनी शेजारी बसून पाहिला. एका प्रसंगात राणीने धुराकडे बघताना डोळे बारीक केले. यशपालने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"बघितलंस? बारीक केले डोळे. कुणीतरी पुस्तक वाचलंय त्यांच्यात."

"हळू बोल. पुढचे वळून बघतायत."

"बघू दे की."

खेळ सुटल्यावर दोघं जत्रेत फिरले. पाळण्यांचे दिवे, भज्यांचा वास, थंडीत कागदाच्या पुडीतले गरम शेंगदाणे. आडनावांची गोष्ट त्या संध्याकाळी एकदाच निघाली. "तुझ्या घरी चालेल?" असं त्याने विचारलं नाही, "तुझ्या घरी कोणकोण आहे?" असं विचारलं. तिला कळलं. तिने सांगितलं, आई, बाबा आणि बाबांचे पुष्कळ नातेवाईक.

मग तिने विचारलं, "आता मला तरी सांग. खरा शेवट कुठला?"

"तुला कुठला पाहिजे?"

तो हसत म्हणाला होता, पण तिला ते लागलं. "सगळ्या गावाला देतोस तसला नको, यशपाल. मला खरा पाहिजे."

"मग पुस्तक वाच."

"मी पुस्तकाचं विचारत नाहीये."

पाळणा वर गेला, खाली आला. शेवटी तो म्हणाला, "डोळे कोरडे पडलेत तुझे. दुकानात थेंब आहेत, देतो."

ज्ञानदाने शेंगदाण्यांची पुडी त्याच्या हातात दिली आणि ती रिक्षात बसली.

त्यानंतर चष्मा बिघडला नाही. एप्रिलमध्ये कमलाकर सर म्हणाले, "स्थळं सांगून येतायत. तुझ्या मनात कुणी असेल तर आत्ताच सांग. मी ऐकून घेईन. पटेलच असं नाही, पण ऐकून घेईन."

"मे उलटू द्या, बाबा."

"मे महिन्यात काय आहे?"

"काम आहे."

सांगायला तिच्याकडे नाव होतं. पण ज्याने अख्ख्या सोलापूरला वेगवेगळे शेवट सांगितले, त्याने तिला एकही वाक्य खरं सांगितलं नव्हतं. आणि वाक्याशिवाय नाव कसं छापायचं?

मेच्या शुक्रवारी तिसरा भाग लागला. पहिल्या खेळाला उभं राहायला जागा नव्हती. ज्ञानदा तिच्या खुर्चीत बसली. शेजारची रिकामी होती; तिचं तिकीट तिने नव्या पेठेत धाडलं होतं. दिवे गेल्यावर पायऱ्यांवरून एक उजवी चप्पल किंचित घासत आली.

"आज उशीर," ती पडद्याकडे बघत म्हणाली.

"दुकानात गर्दी होती. सगळ्यांना आजच लांबचं बघायचंय."

अर्धा सिनेमा सरला. गडावर धूर चढत गेला. वीरण पायऱ्या उतरू लागला आणि नेमकं तिथेच मध्यंतर झालं. थिएटर पेटून उठलं. जो तो ओरडून आपला शेवट सांगत होता.

ज्ञानदाने मोबाइल काढला, ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि त्याच्यासमोर धरला. "नाव?"

"ज्ञानदा..."

"माझं नाही, तुमचं."

तो सावरून बसला. "यशपाल बनसोडे."

"वय?"

"एकोणतीस."

"व्यवसाय?"

"चष्म्याचं दुकान. तुला माहितेय की."

"प्रतिक्रिया. दोन ओळींत. आणि खरी."

यशपालने तिच्याकडे पाहिलं. त्याचा आवाज पहिल्या दिवशीसारखा शांत होता. "पुस्तकात वीरण धुरातून अनवाणी जातो, पाऊल न वाजवता, म्हणून राणीला कळतच नाही. नववीपासून मला वाटतं, त्यानं एक हाक मारायला पाहिजे होती."

"ही एक ओळ झाली."

"दुसरी..." तो मोबाइलकडे वाकला. "ज्ञानदा, माझं तुझ्यावर प्रेम आहे. जत्रेत म्हणायचं होतं, थेंबांचं बोललो. तू हो म्हणालीस तर लग्न करू या."

मोबाइलवरचा लाल ठिपका चालूच होता.

"नावानिशी छापू?"

"फोटोसकट. या वेळी मी हलणार नाही."

ज्ञानदाने ध्वनिमुद्रण थांबवलं, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि त्याचा हात हातात घेतला. "हो," ती म्हणाली. "ही माझी प्रतिक्रिया. काटछाट करायची नाही."

तो हसला. पहिल्या भागात वीरण हसला होता त्याहून जास्त. मग एकदम थांबला आणि तिच्या कानाशी वाकला.

"चार रांगा पुढं बघ. उजवीकडून तिसरे."

तिने पाहिलं. हाफ बाह्यांचा खादीचा शर्ट, शेजारी पाण्याची बाटली. कमलाकर सर. आपला शेवट खरा ठरतो का ते पडताळायला आले असणार. घरी सांगितलं नव्हतं त्यांनीही.

"त्यांना इथपर्यंत दिसणार नाही," ती कुजबुजली.

"दिसेल," यशपाल हताशपणे म्हणाला. "चष्मा मी केलाय."

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा चढवला आणि थिएटरभर नजर फिरवत मागे वळले. नजर फिरत आली आणि थांबली. ज्ञानदाने हात सोडला नाही.

दिवे गेले, उत्तरार्ध सुरू झाला. पडद्यावर वीरण शेवटच्या पायरीशी पोचला तरी कमलाकर सर अजून मागेच बघत होते.