प्रश्नांखालची मोकळी जागा

बसा जवळ. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या ओळखीच्या एका रंगाऱ्याची आहे. तीन वर्षांपूर्वीची. अकरा मार्च, शुक्रवारची रात्र.

काम तसं साधं होतं. तत्त्वज्ञान शिकवणारे एक म्हातारे प्राध्यापक वारले होते. सकाळी आठला नवा भाडेकरू येणार, म्हणून त्यांच्या मुलाने खोली रातोरात रंगवून मागितली. रंगारी आणि त्याचा धाकटा भाऊ रंगाचे डबे घेऊन संध्याकाळीच पोचले. धाकट्याचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्यानेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं. जीव की प्राण होता तो त्याचा.

थोरला म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. काहीही विचारा, उत्तर तयार. 'माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून बायकोनेसुद्धा कधी ऐकले नव्हते.

पलंग सरकवला, तर मागच्या भिंतीवर प्राध्यापकांनी पेन्सिलीने प्रश्न लिहून ठेवलेले. 'सगळ्याच्या आधी काय होतं?' 'झोपेत मी कुठे असतो?' असे पाच-सहा, आणि प्रत्येकाखाली थोडी जागा मोकळी. धाकट्याला ते पुसायचं जिवावर आलं. थोरल्याने त्याची टिंगल केली. रंगारी लोक भिंतीवर मापं, रंगाचे नंबर बिनधास्त लिहितात. नाहीतरी सगळं रंगाखालीच जायचं असतं. त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि प्राध्यापकांना जन्मभर न सुटलेलं सगळं दहा मिनिटांत सोडवून टाकलं. शेवटचा प्रश्न होता, 'मेलेल्याला आपण मेलो हे कळतं का?' त्याखाली त्याने लिहिलं, 'नाही.' मग लोखंडी पात्याच्या पत्रीने भिंत खरवडली. अक्षरं गेली.

दीडच्या सुमारास रंगाचा दुसरा हात सुरू झाला. धाकटा शिडीवर होता. प्लास्टर पोकळ असलं तर रंग फुगतो, म्हणून थोरला सवयीने बोटाच्या पेराने भिंत ठोकून बघत होता. टक टक. टक टक.

आतून टक टक आलं.

शेजारी जागे दिसतात, तो म्हणाला. पण ती भिंत बाहेरची होती. तिसऱ्या मजल्यावरची. पलीकडे... काहीच नव्हतं.

शिडी खाडकन आडवी झाली. धाकटा पडला नाही. हवेतच राहिला. कोणीतरी त्याला केसांनी धरलं होतं. त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. कटकन आवाज झाला आणि मान खांद्यावर लोंबली. रक्त ओल्या रंगावरून ओघळलं. त्या रंगातून खरवडलेली अक्षरं वर आली.

मेलेल्याला आपण मेलो हे कळतं का?

खाली जागा मोकळी.

"नाही," थोरला ओरडला.

डोकं पुन्हा आपटलं.

"हो. कळतं. कळतं."

पुन्हा. कवटी... जाऊ दे.

"देव जाणे!"

पुन्हा. थोरला मधे घुसला, तर त्याचे पुढचे दोन दात पडले. दोन बरगड्या मोडल्या. आणि मारणारा दिसेना. धरायचं तरी कोणाला?

तो गुडघ्यांवर बसला. तोंडात रक्त.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

थांबलं.

धाकटा त्याच्या मांडीवर येऊन पडला. थोरल्याला वाटलं, सुटलो. तो भावाला कुरवाळायला लागला, रडायला लागला. तेव्हा धाकट्याचे ओठ हलले.

"दादा... मला कळतंय रे."

आणि त्याने थोरल्याचं मनगट धरलं. घट्ट. उजाडेपर्यंत सोडलं नाही.

डॉक्टर म्हणाले, मान मोडली तेव्हाच गेला. पुढचं त्याला काही कळलं नसणार. पोलिसांनी शिडीवरून पडल्याचं लिहून घेतलं. खरं काय ते थोरल्याने नंतर एकदाच, मला सांगितलं; पोलिसांना सांगणार काय? आता तो कोणालाच कसलं उत्तर देत नाही. किती वाजले विचारलं तरी मान हलवतो.

त्याच्या मनगटावर पाच बोटं उमटली. पांढरीफटक. टर्पेंटाइनने घासली, कातडी सोलून निघाली, बोटं निघाली नाहीत. डॉक्टर कोड म्हणाले. म्हणू देत.

गेल्या रविवारी त्याने माझ्यासमोर शर्ट काढला. मनगट साफ आहे. बोटं आता खांद्यावर आहेत... अंगठा गळ्याकडे.