वैजनाथनं आणलेलं दार

बसा रे. लाईट बारानंतर येणार म्हणतात, तोवर मोटर काही चालू होत नाही. शेकोटीत आणखी दोन काटक्या टाका. आणि तो मोबाईल खिशात घाल, उजेड डोळ्यावर येतो माझ्या.

भुताची गोष्ट पाहिजे म्हणता? मला भुतं माहीत नाहीत. वैजनाथ माहीत आहे. शनिशिंगणापुरात त्याचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान. मी काष्टीहून टेम्पो घेऊन त्याला माल पोचवायचो, तेव्हापासूनची दोस्ती.

एके दिवशी त्याचा फोन आला. "श्रीमंतभाऊ, टेम्पो घिऊन नेवाशाला या. एक वस्तू आनायचीय."

गेलो. बाबाजान सुताराच्या दुकानापुढं वैजनाथ उभा होता. शेजारी कडुलिंबाचं एक कोरं दार, चौकटीसकट.

मी म्हणालो, "कुनासाठी रं?"

"मला."

आता शिंगणापूरच्या माणसानं दार विकत घ्यायचं म्हणजे काय, ते तुम्हाला कळतं. त्याच्या घराला पुढं उंबरा आहे, मागं उंबरा आहे, पण दार कुठंच नाही. त्याच्या आज्यानं लावलं नाही, बापानं लावलं नाही. कुत्रं येऊ नये म्हणून रात्री एक फळी आडवी ठेवायची, झालं. देव राखतो म्हणायचं आणि निजायचं.

बाबाजान मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "शेठ, तुमच्या दोस्ताला जरा इचारा. कडी भाईरून लावाया सांगितली, ती बी गुडघ्याएवढ्या उंचीवर. असं दार म्या जन्मात केलं न्हाई."

मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शनिअमावस्येची गर्दी ओसरली, दुकानातून पाय मोकळा झाला, तेव्हा वैजनाथ बायकोला आणि लेकीला घेऊन सहलीला निघाला. लग्नानंतर पहिल्यांदा. बायको राजेश्वरी, लेक सुकन्या. पाच वर्षांची. सगळे तिला सुकू म्हणायचे. तिला कारंजी बघायची होती, म्हणून आमच्या बाजूच्या सरदाराच्या बागेत आले. ओढ्याच्या अंगाला तो दुमजली दगडी महाल, पुढं चार हौद, मागं चिंचा आणि आमराई. मीच टेम्पोत घालून नेलं होतं. पोर बापाच्या पाठीवरून खाली उतरायला तयार नाही. घोडा घोडा करत सगळी बाग फिरली. मग राजेश्वरीनं चिंचेखाली भाकरी सोडली, आम्ही जेवलो, आणि सुकू म्हणाली, "पप्पा, मी लपते. तुमी मला हुडका."

वैजनाथनं डोळे झाकले.

महालाखाली एक तळखाना आहे. सरदार लोक उन्हाळ्यात गारव्याला बसायचे म्हणे. आत पाण्याचा जुना हौद, भिंतींना चुन्याचा गिलावा, हात लावला की पांढरा होणारा. आणि जाड दार. पोर आत शिरली, दार आपल्या वजनानं मिटलं, आतली कडी पडली. नुसती वर उचलून ओढायची होती रे. बस, एवढंच. तुमच्या कुठल्याही पोरानं उचलली असती. पण त्या लेकरानं जन्मात कडी उघडली नव्हती. घरात दारच नाही, तर कडी कुठून कळणार?

आम्ही विहीर बघितली. गच्ची बघितली. जे जे उघडं होतं ते सगळं बघितलं. तळखान्याचं दार मिटलेलं, मिटलेल्या दारामागं बघावं असं वैजनाथच्या मनातच आलं नाही. आणि ऐका आता. तो त्या बाजूनं दोनदा गेला. दोन्ही वेळेला त्याला ठक ठक ऐकू आलं. त्याला वाटलं, माळी मागं लाकडं फोडतोय.

माणसाला माहीत असतं रे, दार वाजतं म्हणून. पण अंगवळणी नसतं. त्याच्या घरी पाहुणा आला तर बाहेरून हाक मारतो. दार वाजवून कुणी कधी बोलावलंच नव्हतं त्याला.

मी आमराईत होतो, नाहीतर... जाऊ द्या.

दिवस मावळल्यावर माळ्यानं पहार आणली. दार फोडलं. दाराला आतून चुन्याचे बारके तळवे उमटले होते, एकावर एक. पोर हौदात होती. अंधारात चाचपडताना...

काटकी टाक रे एक.

तेरावा झाला. त्या रात्रीपासून वैजनाथच्या घरात दार वाजायला लागलं. हसू नका. घराला दार नाही आणि गाव निजलं की पुढच्या उंबऱ्यात ठक ठक. मला आधी वाटलं, दुःखानं माणूस खचलाय. मग एकदा माल पोचवून तिथंच मुक्काम केला आणि माझ्या कानांनी ऐकलं. उंबऱ्यात कोणी नव्हतं. पलीकडे गल्ली दिसत होती. मधल्या मोकळ्या हवेत लाकूड वाजत होतं.

वैजनाथ उंबऱ्यात जाऊन हात फिरवायचा. दार कुठं आहे ते चाचपायचा. "उघडू कसं?" म्हणून रडायचा. वर्षभर तो माणूस निजला नाही.

म्हणून ते दार.

माघातली संकष्टी, गुरुवार होता. वर्षश्राद्धाचा दिवस. गावजेवण उरकलं, पाहुणे गेले. अंधारात आम्ही दोघांनी ती चौकट पुढच्या उंबऱ्यात पाचर मारून बसवली. राजेश्वरी म्हणाली, "अवो, देवाला काय सांगायचं?"

वैजनाथ म्हणाला, "एका रातीपुरतं हाय म्हनावं. त्याला बी कळंल."

"आन कडी भाईरून का?"

"ती तिच्या बाजूला हुती गं. तिच्याच हातानं निघाया पायजे. न्हाईतर पोर तिथंच राहील."

त्यानं बाहेरून कडी घातली, वळसा घालून मागच्या उंबऱ्यानं आत आला. आम्ही तिघं दारापाशी बसलो. दिवा मालवला. फटीतून चांदणं येत होतं.

गाव निजलं.

बराच वेळ काही नाही.

मग... ठक.

राजेश्वरीनं पदर तोंडात धरला.

ठक. ठक. या वेळी खरं दार होतं. फळी हलताना मला दिसत होती. खालच्या अंगाला. गुडघ्याएवढ्या उंचीवर.

वैजनाथ पालथा झाला. तोंड फळीला लावलं.

"सुकू... म्या हाय. रडू नगंस."

थांबलं.

"म्या आयकलं हुतं बाळा. मला कळलं न्हाई. आता कळतंय."

काही नाही. कुठंतरी कुत्रं केकाटलं आणि गप झालं.

"तुज्या हाताजवळ लोखंड हाय बघ. गार लागंल. लागलं?"

...

"आता ते वर उचल. भिऊ नगं. दोनी हातांनी उचल."

...

लोखंड किणकिणलं.

माझ्या अंगावर काटा आला. आत्ता सांगतानाही येतोय, हे बघा.

"आस्सं! शानी माजी. आता वढ. तुज्याकडं वढ..."

खर्र.

दार बोटभर उघडलं. मग हातभर.

बाहेर गल्ली. चांदणं. कोणी नाही.

राजेश्वरी "सुकू" म्हणून उठायला गेली. त्यानं हातानं थांबवलं. दाराकडं पाठ केली. खाली बसला, हात मागं घेतले. घोडा करतो तसे. बराच वेळ तसाच बसून राहिला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो... एकदम त्याचे खांदे खाली आले.

तो उठला. वाकूनच उठला. वाकूनच घरात गेला, एक एक पाऊल जपून टाकत. सुकूची वाकळ वर्षभर त्यानं गुंडाळू दिली नव्हती, तिच्यावर जाऊन कुशीवर पडला. आणि झोपला. वर्षात पहिल्यांदा असा घोरला की मला रडू फुटलं.

दार पुन्हा कधी वाजलं नाही. सकाळी मीच चौकट उपसली आणि टेम्पोत टाकून आणली. माझ्या गोठ्यात आहे, उद्या दाखवीन. त्यात काही नाही, नुसतं दार आहे.

पण त्या सकाळी राजेश्वरीनं त्याचा सदरा बघितला. निळा सदरा. पाठीवर, दोन्ही खांद्यांवर, चुन्याचे दोन तळवे. घरात चुन्याचा खडा नाही, भिंतींना ऑईलपेंट आहे. तिनं सदरा धुतला नाही. आतल्या खोलीत खुंटीला टांगून ठेवला. त्या वेळी मी पाहिला होता. माझ्या चार बोटांत झाकेल एवढा तळवा.

याला आता सहा वर्षं होऊन गेली.

परवा शिंगणापूरला गेलो होतो. वैजनाथ दुकानात होता, बरा आहे, हसतो-बोलतो. मी घरी टेकलो, राजेश्वरीनं चहा दिला. मग म्हणाली, "भाऊजी, जरा आत या." खुंटीवरचा सदरा तिनं पाठमोरा फिरवला, आणि त्या तळव्यावर आपला हात ठेवला.

तिच्या हातापेक्षा थोडाच लहान होता. बोटं लांब झालेली. बारा वर्षांच्या पोरीची असतात तशी.

तिनं सदरा नीट केला, खुंटीला अडकवला, आणि म्हणाली, "घरात हाय, तर वाढनारच की."